टिकली आणि पावडर

चंद्रावर जाण्याआधी लोणारला जावं लागतं, ही गोष्ट कस्तुरा धोत्रेच्या आईला काही केल्या पटेना. चंद्र वर आणि लोणार इथं खाली बुलढाण्यात, मग ही उलटी वाट कसली? कस्तुराने तिला सावकाश समजावलं. लोणारचं विवर आकाशातून आदळलेल्या दगडाने झालं आहे, आणि तेही आपल्या काळ्या कातळात. चंद्रावरचा कातळही त्याच जातीचा. म्हणून मोहिमेच्या केंद्राने विवराच्या काठावर एक बंद घुमट उभारला आहे. चंद्रावर जाणाऱ्या चौघांनी आधी त्या घुमटात दोन महिने राहून दाखवायचं.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् फोटो काढनार का तितं?"

फोटो तर काढणारच होते. वर्तमानपत्रांची माणसं येणार होती. झालं, आईने कस्तुराच्या बॅगेत कपड्यांच्या तळाशी पावडरचा डबा सारला.

हा डबा कस्तुराच्या आयुष्यात फार जुना होता. बार्शीजवळच्या वडारवस्तीत ती वाढली. वडील खाणीत दगड फोडत. खाणीच्या दगडाचा आणि घरातल्या माणसांचा रंग एकच, असं वडील हसत हसत म्हणत. आईला मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे. शाळेचा फोटो असो, बक्षीस समारंभ असो की बघायला येणारे पाहुणे असोत, आई मुलीला समोर बसवून तिच्या चेहऱ्यावर पावडरचा थर चढवी. चेहरा एका रंगाचा आणि मान दुसऱ्या, अशी ती कितीतरी फोटोंत दिसते. पाहुणे दोनदा आले. दोन्ही वेळा निरोप आला, मुलगी हुशार आहे, पण. 'पण'च्या पुढचं कुणी बोललं नाही आणि कुणी विचारलंही नाही. कस्तुरा शिकत गेली आणि चंद्रावरच्या खडकांची अभ्यासक झाली. ज्या चंद्राची उपमा गोऱ्या मुलींना देतात, त्या चंद्राची जमीन खरं तर डांबरी रस्त्याइतकी काळी असते, हे तिला पहिल्यांदा समजलं तेव्हा ती वाचनालयात एकटीच हसत बसली होती.

घुमटाचं दार बंद होण्याआधी चौघांचा फोटो निघाला. आईची आठवण ठेवून तिने पावडर लावली होती. मग दार मिटलं आणि डबा पुन्हा कपड्यांच्या तळाशी गेला.

चौघांत प्रमुख होते शैलेंद्र भोगले, हवाई दलातून आलेले. शिस्तीचे, पण तोंडात साखर. यंत्रांची देखभाल ईशान वर्तककडे. डॉक्टर होता डॅनियल ओटिएनो. तो केनियाचा, पण वैद्यकीचं शिक्षण पुण्यात झालेलं. एका खानावळवाल्या मावशींकडे राहून तो अस्सल मराठी शिकला होता आणि कस्तुराला पहिल्या दिवसापासून 'ताई' म्हणत होता. पुण्यात त्याला खोली मिळायला पाऊण वर्ष लागलं होतं. फोनवर त्याचं मराठी ऐकून घरमालक खूश होत आणि दारात त्याला पाहिलं की खोली कालच गेलेली असे. ही गोष्ट तो विनोद म्हणून सांगायचा.

घुमटातली सगळ्यात नवी वस्तू म्हणजे टिकली. केंद्राने दिलेलं तिचं नाव लांबलचक होतं, पण कानशिलाजवळ चिकटवायची एवढीशी गोल चकती पाहिल्यावर दुसरं नाव कुणाला सुचणार? वर्तकने ती लावल्यावर आरशात पाहून विचारलं होतं, "हिच्याबरोबर मंगळसूत्र मिळतं का?" भोगले म्हणाले, "ते लग्नानंतर."

टिकलीचं काम थट्टेचं नव्हतं. चंद्रावर हवा नाही. श्वासासाठी लागणारा प्राणवायू इथून न्यायचा किंवा तिथे मोठ्या खटपटीने बनवायचा, म्हणून तो उधळून चालत नाही. केंद्राच्या तज्ज्ञांनी युक्ती काढली. सगळ्यांना सारखा प्राणवायू न देता ज्याला जेवढा लागतो तेवढाच द्यायचा. प्रत्येकाची झोपायची खोली वेगळी, पोशाख वेगळा, त्यांना येणारी नळी वेगळी. घुमटातली एकूण हवा लेहसारखी विरळ ठेवायची, आणि ज्याच्या रक्तात प्राणवायू कमी दिसेल त्याच्या नळीची झडप आपोआप उघडायची. कमी पडतोय की नाही, हे सांगणार टिकली.

ती कातडीतून दोन प्रकारचा उजेड आत सोडते, एक तांबडा आणि एक डोळ्यांना न दिसणारा. प्राणवायूने भरलेलं रक्त लालभडक असतं आणि तांबडा उजेड बराचसा परत जाऊ देतं. प्राणवायू कमी झाला की रक्त काळपट होतं आणि तो उजेड गिळून टाकतं. किती उजेड परतला यावरून शंभरापैकी आकडा येतो. निरोगी माणसाचा अठ्ठ्याण्णवच्या आसपास. अडचण एकच. कातडीचा रंगही तांबडा उजेड गिळतो. म्हणून टिकली आधी कातडीचा रंग पाहते आणि तेवढी सूट धरून हिशेब करते. ही सूट किती धरायची हे तिला शिकवण्यासाठी केंद्राने एक मोठं शिबिर घेतलं होतं. निरनिराळ्या रंगांची दोनशे माणसं बोलावली होती. त्या शिबिराचा भलामोठा फोटो घुमटातल्या जेवायच्या टेबलासमोर टांगलेला होता.

पहिला आठवडा बरा गेला असं म्हणता येईल. नंतर कस्तुराचं डोकं जड राहू लागलं. सकाळी उठावं तर रात्रभर खाणीत राबल्यासारखं अंग. विवराच्या उतारावर पोशाख घालून नमुने गोळा करताना तिने एक दगड हातात धरला, आणि त्याचं नाव तिला आठवेना. लहानपणापासून ज्याच्यावर बसून जेवली तो दगड. ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने भोगल्यांना सांगितलं की आपल्याला हवा कमी पडते आहे.

भोगल्यांनी पडद्यावर तिचा आकडा पाहिला. अठ्ठ्याण्णव. त्यांचा स्वतःचा पंच्याण्णव होता.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते तिच्याशी फार मायेने बोलले. बंद जागेत असं होतं, माझ्या बहिणीलाही लिफ्टमध्ये होतं, बायकांना जरा जास्त होतं, त्यात कमीपणा नाही, म्हणाले. दीर्घ श्वास घ्यायचा, घरच्यांचा विचार करायचा नाही. आणि त्यांनी कर्तव्य म्हणून बाहेर कळवलं की धोत्रे यांना अकारण भीती वाटते आहे. उत्तर लगेच आलं. असं पुन्हा झालं तर त्यांच्या जागी राखीव उमेदवाराला घ्यावं लागेल. तो तयार आहे.

कस्तुरा गप्प बसली. एवढी वर्षं जिने दगड फोडावा तसा एकेक अडथळा फोडला, ती डोकं दुखतं म्हणून चंद्र सोडणार होती की काय? तिने तोंड मिटून काम सुरू ठेवलं. आणि असंच तोंड मिटून काम करताना तिला एक दिवस ओटिएनो दिसला. तो पोशाखाच्या खोलीत जमिनीवर बसला होता आणि बुटाचा पट्टा लावायचा प्रयत्न करत होता. पट्टा हातातून पुन्हा पुन्हा निसटत होता आणि तो हसत होता.

"डॉक्टर, तुझंही डोकं दुखतं का?" तिने विचारलं.

तो हसायचा थांबला. कितीतरी दिवसांपासून, असं त्याने कबूल केलं. मग बोलला का नाहीस, असं तिने विचारल्यावर त्याने पट्टा खाली ठेवला. "ताई, तू तक्रार केलीस तर तुला घाबरट म्हणाले. मी केली तर मला घरी पाठवतील. परक्या माणसाने फार खोकू नये, असं मावशीच म्हणायच्या."

त्याचाही आकडा अठ्ठ्याण्णव होता. दिवसभर, झोपेत, उतार चढताना, कायम अठ्ठ्याण्णव. भोगले आणि वर्तक गोरे, त्यांचे आकडे वरखाली होत. कस्तुराने आपला काळा हात ओटिएनोच्या हाताशेजारी धरला. पुढचं कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

खरं काय ते रक्त सांगतं. ओटिएनोने मनगटाच्या धमनीतून आधी तिचं आणि मग आपलं रक्त काढून छोट्या यंत्रात घातलं. तिचं चौऱ्याऐंशी, त्याचं पंच्याऐंशी. अशा आकड्याला बाहेरच्या इस्पितळात धावपळ सुरू होते. भोगल्यांनी ते बाहेर कळवलं, आणि बाहेरच्या तज्ज्ञांनी मोठ्या तर्कशुद्ध भाषेत उत्तर पाठवलं. डॉक्टरांना स्वतःला प्राणवायू कमी पडत असेल, तर त्यांच्या थरथरत्या हातांनी केलेल्या चाचणीवर विश्वास ठेवता येत नाही. आणि कमी पडत नसेल, तर चाचणीची गरजच नव्हती. टिकली दोनशे माणसांवर पडताळलेली आहे. त्यांतला तिसरा हिस्सा सावळ्या आणि काळ्या वर्णाचा होता.

हेच कस्तुराला कळेना. तशी माणसं होती, तर टिकली चुकली कशी?

त्या दिवशी जेवताना ती समोरचा फोटो पाहत होती. रोजच पाहायची, पण रोज बघितलेली गोष्ट माणूस कधी बघतो? मध्ये हारांमागे पाहुणे, बाजूला शिबिराला आलेल्या दोनशे जणांच्या रांगा. उजवीकडच्या कोपऱ्यात कुठल्याशा वसतिगृहाच्या मुली होत्या, त्यांच्यामागे खाणीवरून आणलेली माणसं. सगळे ताठ, सगळे गंभीर. आणि सगळ्यांचे चेहरे एका रंगाचे, माना दुसऱ्या.

तिचा घास हातातच राहिला.

"सर," तिने भोगल्यांना विचारलं, "शिबिरात फोटो आधी काढला की चाचणी आधी झाली?"

भोगले त्या दिवशी हजर होते. फोटो आधी, ते म्हणाले. पाहुण्यांना पुढच्या उद्‌घाटनाला जायची घाई होती, म्हणून आधी हार, मग भाषण, मग फोटो. चाचण्या त्यानंतर.

कस्तुरा उठून आपल्या खोलीत गेली आणि कपडे उपसून तिने डबा काढला. बाहेर येऊन सगळ्यांसमोर कानशिलावरची टिकली सोडवली, तेवढ्या जागी पावडर चोळली आणि टिकली परत लावली. वर्तक काहीतरी विनोद करणार होता, पण त्याची नजर पडद्यावर गेली. अठ्ठ्याण्णवचा आकडा क्षणभर थरथरला आणि उतरायला लागला. त्र्याण्णव. एकोणनव्वद. पंच्याऐंशीवर येऊन थांबला. आणि कस्तुराच्या खोलीतल्या नळीची झडप, जी इतके दिवस हूं की चूं करत नव्हती, ती फुस्स करून उघडली.

ती खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि तिने श्वास घेतला. डोक्यातला दगड कुणीतरी हलकेच उचलून बाजूला ठेवावा, तसं झालं. तिला रडू आलं. ते आनंदाचं होतं की अपमानाचं, हे तिला ठरवता आलं नाही. मग तिने डबा ओटिएनोपुढे धरला. त्याने आयुष्यात पहिल्यांदा पावडर लावली.

मग उलगडा व्हायला वेळ लागला नाही. शिबिराला येणाऱ्या काळ्यासावळ्या माणसांनी, फोटो आहे म्हटल्यावर, घरून निघतानाच चेहरे पांढरे केले होते. चाचणीच्या वेळी कानशील पुसा म्हटल्यावर त्यांनी रुमालाने हळूच टिपलं, पावडर जाऊ नये असं. टिकलीला काळा रंग शिकवला गेला तो पावडरीखालचा. खरी उघडी काळी कातडी तिने कधी पाहिलीच नव्हती. आणि न पाहिलेलं काही समोर आलं की काय करायचं, हे अशा यंत्रांना ठरवून दिलेलं असतं. नेहमीचा आकडा द्यायचा. म्हणून अठ्ठ्याण्णव. या दोघांना भरपूर हवा मिळते आहे असं समजून ती त्यांच्या वाट्याची हवा इमानाने वाचवत होती.

भोगले पडद्यासमोर जाऊन बसले. मग त्यांनी आधीचं कळवणं चूक होतं असं बाहेर कळवलं आणि कस्तुराला म्हणाले, "आकडा माझ्या बाजूचा होता म्हणून मला तुझं ऐकायची गरज वाटली नाही. आणि ते लिफ्टचं बोललो, ते विसर." ती म्हणाली, विसरणार नाही सर, पण रागही धरणार नाही.

संध्याकाळी केंद्राच्या संचालक मृणालिनी कारखानीस पडद्यावर आल्या. त्यांनी कस्तुराशी एकटीशी बोलायचं ठरवलं होतं. देशातल्या पहिल्या काही रॉकेट-अभियंत्या बायकांपैकी त्या एक. कस्तुराने शाळेत असताना त्यांचं चित्र कात्रून भिंतीला चिकटवलं होतं. त्यांनी आधी मनापासून माफी मागितली. मग अडचण सांगितली. टिकलीला पुन्हा शिकवायचं म्हणजे नवं शिबिर आणि वर्षभराचं काम. उड्डाणाची वेळ तर ठरलेली. उपाय मात्र सोपा आहे, आणि तो तूच शोधलास. पावडर लावून जा.

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. आमच्या प्रयोगशाळेत बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं, त्या सांगू लागल्या. कितीतरी वर्षं मी दिवसभर पाणी प्यायले नाही. तक्रार केली असती तर आज या खुर्चीत नसते. "जाऊन ये चंद्रावर. परत आल्यावर बोल. तेव्हा तुझं सगळे ऐकतील."

हे खोटं नव्हतं, म्हणून तर अवघड होतं. उद्यापर्यंत सांगते, असं कस्तुरा म्हणाली.

घरी बोलायचा तिचा दिवस नेमका दुसऱ्याच दिवशी होता. सकाळी आई पडद्यावर आली, मागे भिंतीवर वडिलांचा हार घातलेला फोटो. कस्तुराने सगळी हकिकत सांगितली. पावडरमुळे यंत्र शहाणं होतं, हे ऐकून आई खूश होईल असं तिला वाटलं होतं. आई मात्र खूश झाली नाही.

"म्या लावली तुला पावडर," ती म्हणाली. "लोकांनी बरं म्हनावं म्हनून लावली. पर ती फोटोपुरती असती गं. श्वासाला कशाला लागंल?" आणि मग, "तितं चंद्रावर कोन येनार हाय तुला बघायला?"

कस्तुरा हसली, आणि हसता हसताच तिचं ठरून गेलं.

कारखानीस बाईंना तिने सांगितलं की आपण पावडर लावून जाणार नाही. डबा संपेल, घामाने थर निघेल, झोपेत पुसला जाईल, आणि हे होईल तिथे, जिथे दार उघडून बाहेर पळता येत नाही. हे झालं माझ्यापुरतं. पण ही टिकली उद्या इस्पितळांत जाणार आहे ना? खाणीतल्या बाईला कुठला डॉक्टर सांगेल, आधी पावडर लावून ये?

तुझी जागा जाईल, बाई म्हणाल्या. धमकी म्हणून नाही, खरंच वाईट वाटून म्हणाल्या.

"मॅडम, एक विचारू?" कस्तुरा म्हणाली. "तुम्ही पाणी प्यायला नाहीत, म्हणून तिथे नंतर सोय झाली का?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "नाही," त्या म्हणाल्या. "ती मागून आलेल्या एका मुलीने मागितली. मला तेव्हा तिचा राग आला होता."

त्या यात्रेत कस्तुराची जागा राखीव उमेदवाराला गेली. ओटिएनोने आपलं नाव आपणहून काढून घेतलं. टिकलीला शिकवायला कुणीतरी डॉक्टर लागेलच की, म्हणाला. उड्डाण झालं त्या दिवशी दोघं आईच्या घरी बसून पडद्यावर पाहत होते. रॉकेट दिसेनासं झालं तेव्हा आईने दोघांपुढे भाकरी ठेवली. कुणी कुणाची समजूत काढली नाही.

नवं शिबिर कारखानीस बाईंनी स्वतः उभं केलं. पाहुणे बोलावले नाहीत. दारात पाण्याची पिंपं, साबण आणि स्वच्छ टॉवेल ठेवले होते, आणि वर फलक होता, 'तोंड धुऊन आत या. फोटो शेवटी काढू.' वडारवस्तीतून दोन गाड्या भरून माणसं आली. ओटिएनोने पुण्यात शिकणारी आफ्रिकेतली पोरं गोळा करून आणली. त्यांची आणि वस्तीतल्या पोरांची पिंपाभोवती लगेच पाणी उडवायची लढाई सुरू झाली.

आई आली ती नेहमीप्रमाणे चेहऱ्यावर थर चढवून. फलक वाचून दाखवल्यावर ती कुरकुरली. मग पदर खोचून तिने खसाखसा तोंड धुतलं आणि मुलीकडे वळून विचारलं, "कशी दिसतीया?"

एवढ्या लोकांत, उजेडात, आईचा उघडा चेहरा कस्तुरा पहिल्यांदाच पाहत होती. खाणीतल्या ताज्या फोडलेल्या दगडावर पाणी मारल्यावर जशी चमक येते, तसा तो दिसत होता.

"माझ्यासारखी," ती म्हणाली.

आत आईच्या कानशिलाला टिकली लावली आणि तोंडावर मुखवटा देऊन हवा हळूहळू विरळ केली. ओटिएनोने मनगटातून रक्त घेतलं. "आगं आई गं, काळ्या," ती ओरडली, "सुई हाय का दगुड फोडायचा सुंबा?" आणि मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन तिने जीभ चावली. ओटिएनो म्हणाला, "मावशी, तुम्ही तरी मला काळ्या म्हणू नका. तुमच्या पावडरीने पिंपातलं पाणी अजून गढूळ आहे." खोलीतली सगळी माणसं हसली, आणि सगळ्यांत जास्त आई हसली. त्या दिवसापासून ती त्याला 'डाक्टर' म्हणते.

दोन वर्षांनी दुसरं यान निघालं. त्यात कस्तुरा होती आणि ओटिएनोही होता. चंद्रावर उतरून बाहेर पडायच्या आधी तिने पोशाख चढवला, आणि सगळी खटपट करताना तिला धाप लागली. पोशाखाच्या मनगटावर आकडा दिसला, एक्क्याण्णव. कानाशी झडप फुस्स करून उघडली. परीक्षेत इतके कमी गुण मिळाल्याचा एवढा आनंद तिला कधी झाला नव्हता.

मग तिने बाहेर पाऊल टाकलं.

घरी बोलायचा दिवस आला तेव्हा आईने तो फोटो आधीच पाहिला होता. काचेच्या टोपातून कस्तुराचा चेहरा स्पष्ट दिसत होता, आणि पायांखाली लांबवर पसरलेली काळीभोर जमीन. आईला चेहऱ्याबद्दल काहीच म्हणायचं नव्हतं. तिचा प्रश्न जमिनीविषयी होता.

"ही तर आपल्या खाणीगत काळी दिसती गं. मग हितनं चंद्र गोरा कसा दिसतो?"

कस्तुराने सांगितलं, जमीन काळीच आहे आई, सूर्याचा उजेड पडतो म्हणून लांबून पांढरी दिसते.

आईने थोडा विचार केला. "म्हंजी त्यो बी पावडर लावूनच बसलाय म्हन की," ती म्हणाली. "बघ जमलं तर, जरा तोंड धू म्हनावं त्याला."